सौंसर-पांढुर्ण्याच्या सरकारी शाळा: भाषा कोणती आणि अधिकार कोणाचा?

5 ऑक्टोबर 2023 रोजी छिंदवाडा जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग वेगळा झाला आणि पांढुर्णा हा मध्य प्रदेशाचा 55 वा जिल्हा म्हणून नकाशावर आला. पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तहसिली आणि नांदनवाडीचा परिसर त्यात आहे. विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना झालेला हा निर्णय. तेव्हापासून चर्चा चालते ती कलेक्टर कचेरीची, रुग्णालयाची, रस्त्यांची. शाळेचा विषय त्यात मागे पडला. वास्तविक जिल्ह्याची सीमा बदलली की सर्वांत खोल परिणाम शाळेवर होऊ शकतो, कारण हा पट्टा मराठी बोलणारा आहे आणि त्याच्या सरकारी शाळा हिंदी माध्यमाच्या आहेत.

या शाळांबद्दल दोन वाद वर्षानुवर्षे चालू आहेत. मुलांना शिकवायचे कोणत्या भाषेत, हा एक. शाळेबद्दलचे निर्णय गावात, जिल्ह्यात की भोपाळला घ्यायचे, हा दुसरा. पहिल्यावर साहित्यप्रेमी आणि समाजसंस्था बोलतात; दुसऱ्यावर शिक्षक संघटना आणि पंचायतीतली मंडळी. दोघांची गाठ क्वचित पडते. या लेखात दोन्ही वाद एकत्र ठेवून पाहिले आहेत.

नागपूर राजधानी असताना

सातपुड्याचा घाट उतरला की सौंसर लागते. इथून छिंदवाडा 55-60 किलोमीटर, तर नागपूर 70 च्या आसपास. कापूस आणि संत्री या इथल्या दोन्ही पिकांचा बाजार नागपूरकडे, आणि सोयरिकीही सावनेर, काटोल, नरखेड, वरुडकडे. ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात नागपुरी मराठीचा प्रदेश सांगितला, तेव्हा नागपूर-वर्ध्याबरोबर छिंदवाड्याचा दक्षिण भागही त्यात घेतला होता. मात्र त्याच सर्वेक्षणात छिंदवाड्यातल्या भोयरांची बोली माळवीच्या गटात ठेवलेली आहे. भोयर-पवार समाजाची पवारी आणि गोंडांची गोंडी या भागात आजही घरोघर बोलल्या जातात. म्हणजे सौंसर-पांढुर्णा मराठी पट्टा आहे हे खरे, पण तो एकट्या मराठीचा कधीच नव्हता. पुढच्या वादात हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

सौंसर तेव्हा ज्या प्रांतात होते त्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडात मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांना मान होता. स्वातंत्र्यानंतर 1950 च्या कायद्याने त्या दोन्ही राज्याच्या राजभाषा झाल्या. राजधानी नागपूरला. सौंसरच्या मराठी शाळेला वरच्या कचेरीतून मराठीत पत्र यावे, यात तेव्हा कोणाला नवल वाटत नसे.

त्या काळातली आणखी एक गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. प्राथमिक शाळा तेव्हा बहुतांशी स्थानिक संस्थांच्या हाती होत्या. 1938 च्या सुमारास रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळाने विद्यामंदिर योजना आणली. गावाने जमीन द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर गावची शाळा चालवायची, अशी ती कल्पना होती. योजना फार टिकली नाही. मग 1948 च्या कायद्याने जिल्हा कौन्सिलांच्या जागी तहसीलनिहाय जनपद सभा आल्या आणि प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे गेले. जनपद सभेला कर लावण्याचाही अधिकार होता. छिंदवाड्याच्या जनपद सभेने कोळशावर लावलेल्या कराचा वाद तर 1960 च्या दशकात सर्वोच्च न्यायालयात गाजला. आपल्या तहसिलीच्या शाळांसाठी आपली सभा, आपला कर आणि आपले मास्तर, ही व्यवस्था या मातीत एकदा होऊन गेली आहे.

1956 आणि त्यानंतर

राज्य पुनर्रचना आयोगाने 1955 च्या अहवालात वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. त्यासाठी मोजलेले आठ जिल्हे होते नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा, अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ. छिंदवाडा त्यात नव्हता. जिल्हा हाच घटक धरल्यामुळे त्याच्या दक्षिण तहसिलीची भाषा काय, हा प्रश्न विचारायला जागाच उरली नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, सौंसर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि राजधानी भोपाळला गेली. 1957 च्या राजभाषा कायद्याने हिंदी राज्याची भाषा झाली.

त्याच 1956 साली सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम 350-अ आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी, असे ते सांगते. 1949 मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी यासाठी आकडाही ठरवला होता: संपूर्ण शाळेत 40 किंवा एका वर्गात 10 मुले असतील तर त्या भाषेचा निदान एक शिक्षक द्यावा. सौंसरच्या खेड्यापाड्यांत एका वर्गात दहा मराठी मुले मिळणे मुळीच अवघड नाही. तरीही मराठी माध्यम आटत गेले. ते एखाद्या आदेशाने बंद झाले, असे मानण्याचे कारण नाही. मराठी शिकवणारे गुरुजी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मराठीचे पद भरले गेले नाही. पुढच्या वर्गांची पुस्तके, परीक्षा, नोकरीची जाहिरात सगळे हिंदीत. पालकांनी ते पाहिले आणि मुलांना हिंदी शाखेत घातले. पटावर मुले नाहीत म्हणून पद नाही आणि पद नाही म्हणून मुले नाहीत, असे ते चक्र होते.

अधिकार गावाकडे आला आणि परत गेला

जनपदांच्या शाळा पुढे थेट सरकारी झाल्या. 73 व्या घटनादुरुस्तीनंतर मध्य प्रदेशाने 1994 मध्ये पंचायत राज्य लागू केले आणि शाळेचा कारभार पुन्हा खाली उतरला. शिक्षाकर्मींची नेमणूक जनपद आणि जिल्हा पंचायती करू लागल्या. 1 जानेवारी 1997 पासून शिक्षण हमी योजना आली: एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या वस्तीत 40 मुले असतील, आदिवासी भागात 25, आणि गावाने मागणी केली, तर 90 दिवसांत शाळा द्यायची. शिकवणारे गुरुजी शक्यतो गावातलेच. 2002 च्या जनशिक्षा अधिनियमाने पालक-शिक्षक संघालाही कायद्यात जागा दिली.

या काळाबद्दल दोन मते आहेत आणि दोन्हींना आधार आहे. दुर्गम टोल्यापर्यंत शाळा पोहोचली, हजारो तरुणांना आपल्याच गावात काम मिळाले, गुरुजी मुलांच्या बोलीत बोलू लागले, असे एक मत. तुटपुंज्या मानधनावर, अपुऱ्या प्रशिक्षणानिशी माणसे उभी केली, नेमणुकीत पंचायतीचे राजकारण शिरले आणि गरिबांच्या वाट्याला दुय्यम शाळा आली, असे दुसरे. शिक्षक संघटनांनी दुसरे मत धरून दोन दशके आंदोलने केली. अखेर 2018 मध्ये पंचायतींनी नेमलेल्या या शिक्षकांचा अध्यापक संवर्ग राज्य शालेय शिक्षण सेवेत घेतला गेला. शिक्षकांना न्याय मिळाला. पण नेमणुकीची सूत्रे पूर्णपणे भोपाळच्या हाती गेली. आता पात्रता परीक्षा राज्याची, निवडयादी राज्याची. माध्यमिक शिक्षक पात्रता परीक्षेत भाषाविषय म्हणून हिंदी, इंग्रजी, संस्कृत, उर्दू यांना जागा आहे. मराठी घेऊन उत्तीर्ण होण्याची वाटच तिथे नाही. सौंसरच्या मुलीने मराठीत एम.ए. केले तरी आपल्याच तहसिलीत त्या पदवीवर शिक्षिका होणे तिला कठीण.

यातला ताजा टप्पा शाळा एकत्र करण्याचा. ‘एक परिसर, एक शाला’ या धोरणाने एकाच आवारातल्या शाळा जोडल्या. सीएम राइज शाळा, ज्यांना 2025 पासून सांदीपनी विद्यालय म्हणतात, त्यांची कल्पना अशी की आसपासच्या 15 किलोमीटरांतली मुले बसने एका सुसज्ज शाळेत यावीत. प्रयोगशाळा, ग्रंथालय, पुरेसे शिक्षक हा त्यातला मोठा लाभ. गावातल्या छोट्या शाळेचा पट आणखी घसरेल, पावसाळ्यात सहा वर्षांच्या मुलाला बसने पाठवायला आई धजावणार नाही, ही त्यावरची शंका. महाराष्ट्रात समूह शाळांवरून झालेली चर्चा हीच होती. मोठी शाळा भाषेच्या दृष्टीने मात्र एक संधी आहे. एका ठिकाणी पुरेशी मराठी मुले आली की 40 आणि 10 चा निकष आपोआप भरतो. या दिशेने फार कोणी विचार केलेला दिसत नाही.

वर्गात काय चालते

सौंसर तहसिलीतल्या कोणत्याही खेड्यातल्या तिसरीच्या वर्गात डोकावले तर कागदावरचे माध्यम आणि तोंडातले माध्यम वेगळे दिसते. गुरुजी हिंदी धडा वाचतात आणि मराठीत समजावतात. मुले मराठीत उत्तर देतात, गुरुजी ते हिंदीत फळ्यावर लिहितात, मुले उतरवून घेतात. मधल्या सुट्टीत सगळे मराठी, त्यात थोडी पवारी. परीक्षेत मूल ‘मेरा पुस्तक’ लिहिते, कारण घरी पुस्तक नपुंसकलिंगी असते. हिंदीत ते स्त्रीलिंगी, म्हणून लाल खूण होते. त्या मुलाला गोष्ट कळलेली असते, गुण मात्र व्याकरणात जातात. लिपी एकच असल्याने संक्रमण सोपे होते, हे खरे. पण ळ गळून पडतो. घरचा ‘काळे’ हजेरीपटावर ‘काले’ होतो आणि पुढे नागपूरला प्रवेशाला गेला की आजोबांच्या कागदाशी नाव जुळत नाही. इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळा सौंसर-पांढुर्ण्यात वाढल्या आहेत, शिक्षण हक्काच्या 25 टक्के राखीव जागांतून गरीब घरची मुलेही तिकडे जातात. त्यामुळे सरकारी शाळेत उरलेली मुले बहुतेक अशी, ज्यांना घरी हिंदीचाही फारसा आधार नाही.

मते काय आहेत

मराठी माध्यमाच्या बाजूने बोलणारे कलम 350-अ, शिक्षण हक्क कायद्याचे कलम 29 आणि 2020 चे राष्ट्रीय शिक्षण धोरण पुढे ठेवतात. निदान पाचवीपर्यंत मुलाच्या भाषेत शिकवावे, असे धोरणच म्हणते. युनेस्कोने 1953 पासून हेच सांगितले आहे. ओडिशाने 2007 पासून आदिवासी भाषांत पुस्तके काढून हे करून दाखवले. मग कोट्यवधी लोकांची, तयार पाठ्यपुस्तके असलेली, 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळालेली मराठी सौंसरच्या वर्गात का आणता येऊ नये? त्यांचा युक्तिवाद तत्त्वतः बिनतोड आहे. अडचण सहावीपासून पुढे सुरू होते: मूल हिंदीत उडी घेणार कधी आणि कशी, याचे उत्तर त्यांच्याकडे नेमके नाही.

दुसरे मत मधल्या वाटेचे. माध्यम हिंदी राहू द्या, पण मराठी विषय म्हणून पहिलीपासून शिकवा. मध्य प्रदेश माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत मराठी हा विषय आजही आहे. दरवाजा उघडा आहे, तिथवर पोहोचवणारा रस्ता नाही, असे हे लोक म्हणतात. मला ही भूमिका सर्वांत व्यवहार्य वाटते; मात्र आठवड्याचे दोन तास आणि अतिथी शिक्षकाच्या भरवशावर तिचा निभाव लागणार नाही.

तिसरे मत पालकांचे. ते सभेत मांडले जात नाही, प्रवेशाच्या वेळी दिसते. मुलगा घरी मराठी बोलतोच; शाळेत त्याला हिंदी आणि इंग्रजी यावी, कारण पटवारी, पोलीस, शिक्षक सगळ्या भरत्या हिंदीत होतात आणि बोरगावच्या कारखान्यापासून पुण्याच्या कंपनीपर्यंत इंग्रजी विचारतात. या मताला भाषेबद्दलची अनास्था म्हणणे अन्यायाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये कर्नाटकाच्या प्रकरणात मातृभाषा कोणती हे ठरवण्याचा आणि माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा मानला आहे. म्हणून मराठी सक्तीने आणण्याचा मार्ग कायद्यानेही बंद आहे.

चौथे मत गोंड आणि पवार समाजांतून येते. मातृभाषेचा आग्रह धरायचा तर तो मराठीपाशी का थांबावा? पांढुर्णा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तिथल्या गोंड मुलाला हिंदी आणि मराठी दोन्ही परक्या. गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतः गोंडी शाळा सुरू केली आणि तिला मान्यतेसाठी झगडावे लागले. तेही मराठी राज्यात. सौंसरच्या मराठी पुढाऱ्यांनी हा मुद्दा टाळता कामा नये, कारण आपण हिंदीकडे जे मागतो तेच गोंडी आपल्याकडे मागते.

गेल्या वर्षी महाराष्ट्रात उलट्या बाजूने हाच प्रश्न पेटला. पहिलीपासून हिंदी आणण्याचे एप्रिल आणि जून 2025 चे शासन निर्णय लोकविरोधामुळे 29 जून रोजी मागे घ्यावे लागले. त्या गदारोळात पहिलीपासून हिंदीतच शिकणाऱ्या सौंसरच्या मराठी मुलाची आठवण फार थोड्यांना झाली.

दूरचे उदाहरण

स्थानिक अधिकाराची चर्चा निघाली की अमेरिकेचा दाखला येतो. तिथे सुमारे 13 हजार शालेय जिल्हे आहेत. सौंसरएवढ्या गावालाही स्वतःचे निवडलेले शिक्षण मंडळ असते. ते अंदाजपत्रक करते, अधीक्षक नेमते, शिक्षक घेते, आणि त्याच्या पैशाचा मोठा भाग गावातल्या मालमत्ता करातून येतो. आपल्या जनपद सभांशी याचे साम्य लगेच जाणवते. पण दोष तिथेही आहे. ज्या गावाची घरे महाग त्याची शाळा श्रीमंत, ही विषमता टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओच्या पालकांनी न्यायालयात नेली आणि 1973 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू फेटाळली. दुसऱ्याच वर्षी, 1974 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की इंग्रजी न कळणाऱ्या मुलाला केवळ तेच पुस्तक आणि तोच मास्तर दिल्याने समान शिक्षण होत नाही. म्हणजे भाषेच्या प्रश्नात स्थानिक मंडळ पुरे पडले नाही, वरच्या न्यायसंस्थेला हात घालावा लागला. सौंसरसाठी यातून इतकेच घेता येते की पैसा राज्याने द्यावा, पण वर्गात कोणता शिक्षक हवा हे सांगण्याचा अधिकार जवळ असावा.

काय सुटलेले नाही

पहिला गुंता आकड्याचा. 2011 च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे 12 लाख लोक होते. पण जिल्हावार हिशेबात सौंसर-पांढुर्णा हे 20 लाख 90 हजार लोकसंख्येच्या छिंदवाड्यात बुडून जात. उत्तरेकडच्या हिंदी आणि गोंडी भागापुढे मराठीचा टक्का लहान दिसे. आता जिल्हा वेगळा झाल्याने 2027 च्या जनगणनेत त्याची भाषा पहिल्यांदाच स्वतंत्रपणे मोजली जाईल. याचा अर्थ कागदापुरता नाही. 1961 च्या मुख्यमंत्री परिषदेने ठरवले होते की एखाद्या भाषेचे 15 टक्के लोक जिल्ह्यात किंवा तहसिलीत असतील तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही काढाव्यात, आणि 60 टक्के असतील तर ती त्या जिल्ह्याची जादा राजभाषा मानता यावी. छिंदवाड्यात हा जिल्ह्याचा 60 टक्क्यांचा निकष मराठीच्या आवाक्यात नव्हता. पांढुर्णा जिल्ह्यात तो येऊ शकतो.

दुसरा गुंता शिक्षकाचा, आणि माझ्या मते हाच कळीचा आहे. माध्यम कोणते यावर वर्षभर परिसंवाद भरवता येतील. पात्रता परीक्षेत मराठी नाही तोवर वर्गात उभा राहायला माणूस मिळणार नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जिल्हा संस्था, डाएट, छिंदवाड्यात आहे. नव्या जिल्ह्यासाठी स्वतंत्र डाएट उभी राहील तेव्हा तिथे मराठी-हिंदी द्विभाषिक अध्यापनाचा अभ्यासक्रम असावा, ही मागणी आजच नोंदवली पाहिजे.

तिसरा प्रश्न बारावीनंतरचा. सौंसरचा विद्यार्थी नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात परराज्यातला ठरतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातल्या 865 गावांच्या मुलांना महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत वेगळा गट आहे. सौंसर-पांढुर्ण्याचा असा कोणताही वाद न्यायालयात नसल्याने ती सवलत इथे लागू होत नाही. सीमेवर भांडण नसल्याची ही शिक्षा म्हणावी लागेल. महाराष्ट्र सरकारने यात लक्ष घालायला हवे, आणि त्यासाठी भूभागावर हक्क सांगण्याची गरज नाही.

या सगळ्यात पालकांच्या हाती असलेली एक गोष्ट आहे. मध्य प्रदेशात शाळेचे सत्र 1 एप्रिलला सुरू होते. शाळांच्या यूडायस या सरकारी नोंदणीत प्रत्येक मुलाच्या मातृभाषेचा रकाना असतो आणि तो बहुतेक वेळा कोणालाही न विचारता ‘हिंदी’ असा भरला जातो. येत्या प्रवेशाच्या वेळी तो रकाना स्वतः पाहा. घरी मराठी बोलत असाल तर मराठी लिहा, गोंडी असेल तर गोंडी, पवारी असेल तर पवारी. एका वर्गातली दहा घरे एकत्र आली की 40 आणि 10 च्या निकषाचा हवाला देऊन मुख्याध्यापकांमार्फत जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांकडे शिक्षकाची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. जनगणनेचा प्रगणक दाराशी येईल तेव्हाही हेच सांगा.